पलासचा कुरव हिवाळ्यात कुठे आणि कसा शोधायचा: सातारा-सांगलीकरांसाठी मार्गदर्शन

कुरव (सीगल) म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला हर्णै नाहीतर गुहागरचा किनारा आठवतो. पण थंडी पडली की घाटावरच्या मोठ्या धरणांवरही कुरव उतरतात, आणि त्यांच्या थव्यात कधीतरी एखादा पलासचा कुरव असतो. पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात तो 'पलास गल'. उजनीच्या पाण्यावर तो दर हिवाळ्याला येतो. आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र त्याला शोधावं लागतं, आणि तो कसा शोधायचा हे इथे सविस्तर मांडतो आहे.

माझं ठाम मत आधीच सांगतो. हा पक्षी नशिबापेक्षा पाण्याच्या पातळीवर लक्ष ठेवल्याने जास्त सापडतो. कोणत्या तलावात डिसेंबरात किती पाणी उरतं, त्यात बेट कुठे उघडं पडतं आणि मासेमारी कोणत्या काठाला चालते, एवढं ज्याला माहीत आहे त्याचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे नेहमीचे कुरव तोंडपाठ असणं.

पाहुणा कुठला

पलासचा कुरव दक्षिण रशिया, कझाकस्तान, मध्य आशिया ते मंगोलिया या पट्ट्यातल्या सरोवरांवर वीण करतो. चीनमधल्या चिंगहाई सरोवरातही त्याच्या वसाहती आहेत. तिकडचं पाणी गोठायला लागलं की तो दक्षिणेला निघतो आणि भारतात किनाऱ्यावर, मोठ्या नद्यांवर आणि धरणांवर हिवाळा काढतो. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंतचा काळ त्याचा. डिसेंबर आणि जानेवारीत शोधणं सोपं जातं. पण काळं डोकं पाहायचं असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा धरावा, कारण याचा विणीचा पिसारा इतर मोठ्या कुरवांच्या बराच आधी येतो.

आकाराने तो थोरच आहे. लांबी ५७ ते ७२ सेंटिमीटर, पंखांचा विस्तार साधारण दीड मीटर किंवा त्याहून जास्त, वजन एक ते दोन किलो. आपल्या तलावांवर नेहमी दिसणारा काळ्या डोक्याचा कुरव ४० सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि वजनाला पाव किलोच्या थोडा पुढे. म्हणजे दोघे शेजारी बसले तर शंकेला जागाच राहत नाही. अडचण होते ती एकटा पक्षी लांब पाण्यावर तरंगत असताना. तेव्हा मापाला चक्रवाक बदक घ्यावं. चक्रवाकही हिवाळ्यात त्याच पाण्यावर असतो आणि पलासचा कुरव साधारण तेवढाच भरतो. चक्रवाकाच्या तोडीचा पांढरा-राखाडी पक्षी शेपूट वर करून हलका तरंगताना दिसला, तर जागचं हलू नका.

आधी साधे कुरव पाठ करा

याला पर्याय नाही. जिल्ह्यात शोध सुरू करण्याआधी एक सकाळ उजनीच्या फुगवट्यावर घालवा. साताऱ्याहून फलटण, बारामती करत भिगवण साधारण सव्वाशे किलोमीटर. कुंभारगाव किंवा डिकसळला स्थानिक होडीवाले पाण्यात नेतात. तिथे तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव जवळून पाहता येतात, नदी सुरय हे कुरवासारखे सडपातळ पक्षी असतातच, आणि पलासचा कुरवही बहुधा भेटतो. पाटण-कराडकडच्यांना कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागर गाठणं सोयीचं पडेल. तिथे पाठ गडद असलेले मोठे कुरवही दिसतात आणि तुलनेला तेच हवे असतात.

हिवाळ्यात कुरवांच्या डोक्याचा रंग उतरतो. काळ्या डोक्याच्या आणि तपकिरी डोक्याच्या, दोन्ही कुरवांचं डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे एक गडद ठिपका राहतो. नावावर भरवसा ठेवून डोकं पाहत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. पंख पाहा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड मनगटापासून टोकापर्यंत पांढरी असते, ती उडताना लांबूनही चमकते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं पंखाचं टोक काळं आणि त्या काळ्यात मोठे पांढरे डाग. जवळून दिसला तर पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिका असतो, दुसऱ्याचा गडद. चोच आणि पाय दोघांचेही लालसर.

आता पलासचा. हिवाळ्यातल्या प्रौढ पक्ष्याच्या डोळ्यापासून मागे डोक्यावर धुरकट पट्टा पसरलेला असतो, मुखवटा चढवल्यासारखा, आणि डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी स्पष्ट दिसतात. कपाळ उतरतं, चोच लांब आणि जाड. चोचीचा रंग पिवळा, टोकाजवळ काळा पट्टा आणि टोकाकडे लालसर झाक. पाय पिवळे. लाल पाय दिसले की तो पक्षी सोडून पुढे जावं, ही माझी पहिली चाळणी. पाठ फिकी राखाडी. उडताना पंखाचं टोक बरंचसं पांढरं दिसतं आणि त्या पांढऱ्यात टोकाच्या अलीकडे काळ्या खुणांची ओळ असते.

गडद पाठीच्या मोठ्या कुरवाशी गल्लत होऊ शकते, पण फरक मोठा आहे. त्याची पाठ चांगलीच गडद राखाडी, पंखाची टोकं ठळक काळी, चोचीच्या खालच्या भागावर फक्त लाल ठिपका आणि डोळ्याभोवती मुखवटा नाही.

खरी कसोटी लहान वयाच्या पक्ष्यांची. पलासच्या कुरवाला पूर्ण पिसारा यायला चार वर्षं लागतात, त्यामुळे घाटावर भेटणारा पक्षी अर्धवट पिसाऱ्यातला असण्याची तयारी ठेवावी. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाच्या पंखांवर तपकिरी पिसं असतात, पण पाठ तेव्हाच राखाडी व्हायला लागलेली असते. पोट स्वच्छ पांढरं, मानेच्या बाजूला तपकिरी छटा, चोच फिकी आणि टोकाला गडद. सगळ्यात उपयोगी खूण शेपटीची: पांढरी शेपूट आणि टोकाला कडा कापून काढल्यासारखा काळा पट्टा. गडद पाठीच्या कुरवाची पिल्लं याच वयात अंगभर तपकिरी ठिपकेदार असतात. उडणाऱ्या पक्ष्याची शेपूट एकदा नीट दिसली की निम्म्याहून अधिक शंका मिटतात.

आपल्याकडचं कोणतं पाणी धुंडाळायचं

कोयनेचा शिवसागर पसरलेला आहे म्हणून तिथे धावू नका. खोल पाणी, उभे काठ, दोन्ही अंगांना जंगल. कुरवाला बसायला उघडं बेट किंवा सपाट काठ लागतो, चारी बाजूंनी लांबवर दिसायला हवं आणि मासा वरच्या थरात मिळायला हवा. त्याच कारणाने चांदोलीचा जलाशयही माझ्या यादीत खाली आहे. धोम, कण्हेर आणि उरमोडीची पाणी उतरल्यावर उघडी पडणारी शेपटाकडची उथळ टोकं बघण्यासारखी असतात, भिंतीकडची बाजू नाही.

खरी आशा पूर्वेला आणि उत्तरेला. नीरेवरचं वीर धरण पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, उथळ आहे, आणि लोणंद-खंडाळ्याकडून गाठता येतं. खटावात येरळेवरचं येरळवाडी, नेरचा तलाव आणि मायणी. माणमध्ये आंधळी आणि दहिवडीजवळचा पिंगळी तलाव. मग राजेवाडी, म्हणजे माणगंगेवरचा ब्रिटिश काळातला जुना म्हसवड तलाव. त्याची भिंत सांगलीच्या आटपाडी तालुक्यात आणि फुगवट्याचा बराच भाग साताऱ्याच्या माणमध्ये. दुष्काळी मुलखातला एवढा मोठा, उथळ आणि उघडा पाणीसाठा कुरवाच्या नजरेने फार मोलाचा आहे. मला एकच तलाव निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन.

या पट्ट्यातल्या पाण्याचं गणित गेल्या काही वर्षांत बदललं आहे, ते समजून घ्यायला हवं. पूर्वी पाऊस कमी झाला की यातले बरेच तलाव हिवाळ्यातच आटायचे. आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी नेर आणि आंधळीकडे येतं, टेंभूचं पाणी खानापूर-आटपाडीकडे जातं. शेतकऱ्यासाठी हे जीवनच आहे. पक्ष्यांच्या अंगाने पाहिलं तर पाणी भरपूर असलं की चिखलाचे काठ बुडतात, त्यामुळे चिखलात चरणारे पक्षी कमी होतात, पण मासा टिकतो. मासे खाणाऱ्या कुरवाला हे सोयीचंच, फक्त बसायला बेट उरलं पाहिजे. म्हणून निघण्याआधी तलावाकाठच्या कुणा ओळखीच्याला फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: आवर्तन (कालव्याला पाणी सोडणं) सुरू आहे का, आणि मधला उंचवटा उघडा पडलाय का.

सांगलीकडे नदीवर वेगळं चित्र असतं. म्हैसाळ आणि सांगलीचे बंधारे, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, भिलवडी-आमणापूरचा पट्टा इथे नदी सुरय आणि लहान कुरवांकडे लक्ष ठेवावं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मासे गोळा होतात आणि त्यामागे पक्षी येतात. पलासचा कुरव नदीवर सापडलाच तर तो बहुधा जाता-जाता थांबलेला असेल, त्यामुळे नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तिथे फेरी मारणं जास्त शहाणपणाचं.

घरी बसून करायची तयारीही आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून बार चार्ट काढला की कोणती जात कोणत्या आठवड्यात नोंदली गेली ते दिसतं. सातारा आणि सांगलीबरोबर पुणे आणि सोलापूरचेही चार्ट पाहा. उजनी या दोन जिल्ह्यांत पसरलेली असल्यामुळे कुरवांच्या येण्या-जाण्याचा अंदाज तिथूनच येतो. मग उपग्रहाच्या नकाशावर आपला तलाव उघडून उथळ टोकं, बेटं आणि काठापर्यंत जाणाऱ्या गाडीवाटा टिपून ठेवा.

पाण्यावर पोहोचल्यावर

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी काठावर पोहोचलेलं बरं. कुरव रात्री पाण्यावर किंवा बेटावर एकत्र असतात आणि उजाडताच चारीकडे पांगतात, म्हणून पहिला अर्धा तास फार किमती. त्यानंतर कोळी-भोई जाळी उचलायला निघतात. होडी असो की थर्माकोलचा तराफा, त्यामागे कुरव जातातच. पलासचा कुरव मोठा असल्यामुळे दुसऱ्याच्या तोंडचा मासा हिसकावतो. एखाद्या जागी अचानक गलका उठला, पाच-सहा लहान कुरव आणि सुरय गरगर फिरायला लागले, की तिकडे दुर्बीण वळवा.

काठ कोणता धरायचा हे उन्हावर ठरवा. सकाळी पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे पाहायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्यावर पडतं. दुपारनंतर उलट. उन्हाकडे तोंड करून पाहिलेला प्रत्येक कुरव काळपट दिसतो, आणि मग राखाडी पाठ फिकी की गडद हे कुणालाच सांगता येत नाही. वाराही बघावा. बसलेले कुरव वाऱ्याकडे तोंड करतात, त्यामुळे वाऱ्याला काटकोनात उभं राहिलात तर सगळा थवा बाजूने दिसतो. चोच, डोकं, पाय आणि पाठ एका नजरेत येतात.

८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. पण राजेवाडीसारख्या विस्तारावर स्पॉटिंग स्कोप नसेल तर फार पक्षी सोडून द्यावे लागतात. २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्कोप आणि भक्कम ट्रायपॉड कुणा मित्राकडे असेल तर त्याला सोबत घ्या. दहानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तेव्हा ६० पटीवर पाहण्यापेक्षा २५-३० वर चित्र जास्त स्वच्छ मिळतं.

थवा पाहायची पद्धत अशी. आधी दुर्बिणीने सगळं पाणी डावीकडून उजवीकडे सावकाश फिरून घ्या आणि कुरव कुठे कुठे बसलेत ते ठरवा. मग एकेक बेट धरून स्कोपने शेवटच्या पक्ष्यापर्यंत जा. प्रत्येकाला विचारायचे प्रश्न क्रमाने तेच: आकार, पाय, चोच, डोळ्यामागचा भाग, पाठ. झोपलेल्या, पंखात चोच खुपसून बसलेल्या पक्ष्याला ओलांडून जाऊ नका. मोठा कुरव झोपला की नुसता एक राखाडी उंचवटा दिसतो आणि नेमका तोच हुकतो. थोडं थांबा, वाऱ्याची झुळूक आली किंवा वरून घार गेली की सगळे मान वर करतात. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी बेटावरून गेला तर थवा उडतोच. त्या क्षणी कॅमेरा तयार हवा, पंख आणि शेपूट उघडी मिळायची तीच वेळ.

दुपारी पक्षी पोट भरून बेटावर बसून असतात, पण उन्हात आणि थरथरत्या हवेत ओळख पटवणं त्रासाचं. तो वेळ जेवणाला आणि काठच्या माणसांशी बोलण्याला द्यावा. चार वाजल्यापासून पुन्हा उभं राहा. संध्याकाळी कुरव मुक्कामाला परत जमतात आणि दिवसभर विखुरलेले पक्षी एका जागी मोजता येतात.

काठच्या माणसांशी बोलणं हा शोधाचाच भाग आहे. "मामा, जाळ्यातला मासा पळवणारा चक्रवाकाएवढा पांढरा पक्षी दिसतो का?" असं विचारलं तर चिलापी-कटला धरणारा माणूस अचूक दिशा दाखवतो. वर्षभर तो त्याच पाण्यावर असतो. त्याने सांगितलेली जागा आणि वेळ वहीत लिहून घ्या, आणि पक्षी सापडला तर त्याला दुर्बिणीतून दाखवा. पुढच्या वर्षी तोच तुम्हाला फोन करेल.

जपून

पाणी उतरलं की धरणाच्या पोटात गाळपेर होते. हरभरा, ज्वारी, कुठे कलिंगड. ते उभं पीक आहे, त्यातून ट्रायपॉड घेऊन चालत जाऊ नका. बांधावरून जा आणि मालकाला हाक मारून जा. पाण्याजवळचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो पण खाली राबडी असते. गुडघाभर रुतलेला माणूस एकट्याने बाहेर पडणं कठीण. एकटे असाल तर ओल्या पट्ट्याच्या अलीकडेच थांबा. धरणाच्या भिंतीवर जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये आणि भिंतीचे, दरवाजांचे फोटो काढू नयेत. मायणीचा परिसर पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे वनविभागाचे नियम पाळावेत.

पक्ष्यापासून किती लांब राहायचं याचं मीटरमधलं उत्तर नाही, पक्षीच ते सांगतात. बसलेल्यांनी माना ताठ केल्या, दोन-चार जण पाण्याकडे चालायला लागले, म्हणजे तुम्ही मर्यादेवर आलात. तिथेच खाली बसा. थवा उडवून काढलेल्या फोटोचा मला मनापासून राग येतो. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी विश्रांतीला बसलेला असतो आणि त्याला परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. होडीतून शेव-फरसाण उधळून कुरव जवळ बोलावण्याची चाल काही ठिकाणी पडली आहे. ती आपल्या तलावांवर येऊ देऊ नका, होडीवाल्यालाही आधीच सांगा. ड्रोन तर नकोच.

मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. २००५ मध्ये चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्लूने पट्टकादंब हंसांबरोबर पलासचे कुरवही मोठ्या संख्येने मेले होते. अशा वेळी जागा टिपून वनविभागाला आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावं. जाळ्यात अडकलेला जिवंत पक्षी असेल तर त्याची चोच आधी सांभाळा. ती जाड आणि धारदार असते. डोक्यावर कापड टाकून, कोळ्याच्या मदतीने दोरा कापून सोडवा, मग हात साबणाने धुवा.

सापडल्यावर नोंद कशी करायची

आपल्या जिल्ह्यांतून आलेल्या नोंदीकडे ई-बर्डचे तपासनीस बारकाईने पाहतात, आणि ते योग्यच आहे. म्हणून पुरावा नीट द्या. चार फोटो मिळाले तर उत्तम: बाजूने डोकं आणि चोच, उघडा पंख, उघडी शेपूट, आणि दुसऱ्या ओळखीच्या पक्ष्याशेजारी बसलेला असताना एक. शेवटचा फोटो धूसर असला तरी आकार सिद्ध करतो. मोबाइल स्कोपच्या भिंगाला लावून काढलेलं चित्रही चालतं. फोटो नसेल तर जे दिसलं ते तिथेच उभं राहून लिहा. पिसाऱ्यावरून वय, वेळ, अंतर, प्रकाश, पक्षी काय करत होता, तलावात पाणी किती होतं. 'मोठा कुरव, पलासचा वाटला' अशी ओळ कुणाच्या कामाची नाही. पायांचा रंग दिसला नसेल तर 'पाय दिसले नाहीत' असं लिहा.

कुरव न दिसलेल्या दिवसाचीही पूर्ण यादी भरावी. राजेवाडीवर अमुक तारखेला पाणी भरलेलं होतं, बेट बुडालेलं होतं आणि कुरव नव्हते, ही माहिती पुढच्या हिवाळ्यात दिवस निवडताना उपयोगी पडते.

पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर तिचा रंग, कोणत्या पायात आहे आणि त्यावरची अक्षरं टिपून फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पट्टकादंबांच्या थव्यांतही नजर फिरवा. मंगोलियात गळपट्टे घातलेले हंस भारतातल्या तलावांवर दिसले आहेत.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून दरवर्षी चालू आहे. या वर्षी येरळवाडी, राजेवाडी, पिंगळी आणि वीर एकाच सकाळी वेगवेगळ्या गटांनी मोजावेत असं मी सुचवतो. मोठे कुरव एका तलावावरून दुसऱ्यावर सहज जातात, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तोच पक्षी दोनदा लिहिला जातो. प्रत्येक गटात एक स्कोप आणि कुरवांचे पंख ओळखणारा एक तरी माणूस असू द्या, आणि निकाल त्याच संध्याकाळी एकत्र बसून जुळवा.